नवी बॅटरी टाकूनही गाडी उतरतेय, घरच्या घरी चोर कसा शोधायचा?

चिपळूणकर_गाडीवान
मंडळी नमस्कार. गाडी २०१५ची पेट्रोल हॅचबॅक, घरची एकुलती एक, बाबा बाजारहाटाला नेतात आणि रविवारी मी. गेले काही महिने असं झालंय की दोन-तीन दिवस उभी राहिली की सेल्फ मारला तर नुसतं टिकटिकटिक, काटे नाचतात, दिवे मंद होतात आणि गाडी काही उचलत नाही. मेकॅनिक म्हणाला बॅटरी गेली, नवी टाका. टाकली, ३५ ॲम्पिअर-अवरची. पंधरवडाभर मस्त चाललं आणि परत तेच. आता तो म्हणतो आल्टरनेटर (चालू इंजिनावर बॅटरी भरणारा जनरेटर) खोलू. म्हटलं थांब बाबा, आधी विचारून घेतो. पावसाळा तोंडावर आलाय आणि दर वेळी शेजारच्या दादांच्या गाडीवरून जंप मारून घ्यायची लाज वाटायला लागलीय. घरी मल्टिमीटर आहे, साधा पिवळा, वायरिंगचं काम करायला भीती नाही. कुठून सुरुवात करू?

दहा_नंबर_पाना
आल्टरनेटर खोलू देऊ नका अजून. आधी तीन आकडे द्या.
एक, रात्री गाडी बंद केली की सकाळी काहीही चालू न करता बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्ट किती. दोन, सेल्फ मारताना किती पडतं, यासाठी दुसरं कोणीतरी चावी फिरवायला लागेल. तीन, गाडी चालू झाल्यावर किती.
१२.६ म्हणजे बॅटरी भरलेली, १२.४ पाऊण, १२.२ अर्धी, १२ म्हणजे पाव उरली आणि ११.८च्या खाली गेली की समजा रिकामी. सेल्फ मारताना ९.६च्या खाली जाता कामा नये. चालू गाडीत १३.८ ते १४.४ दिसलं की चार्जिंग बसलेली आहे. हेडलाईट आणि एसी लावूनही बघा, तेव्हाही साडेतेराच्या वर राहायला हवं.
आणि एक विचारायचं राहिलं. गाडीत बाहेरून काय काय बसवलंय? टचस्क्रीन, डॅशकॅम, अलार्म, खालचे रंगीत दिवे, काहीही असेल ते सगळं सांगा. डॉक्टरपासून लपवू नका.

निवृत्त_सातारकर
एवढं मीटर बिटर कशाला हो. आमच्या वेळची साधी पद्धत सांगतो. गाडी चालू करायची आणि बॅटरीची निगेटिव्ह काढून टाकायची. गाडी चालू राहिली तर आल्टरनेटर चांगला, बंद पडली तर गेला. मी फियाटला आयुष्यभर हेच केलं.

दहा_नंबर_पाना
काका, साष्टांग नमस्कार, पण हे आताच्या गाडीत कृपया कोणी करू नका. तुमच्या फियाटला डायनॅमो होता आणि गाडीत कॉम्प्युटर नव्हता. आता बॅटरी हीच आल्टरनेटरच्या उड्या अंगावर घेते. चालू गाडीत ती काढली की व्होल्टेज क्षणभर भलतंच वर जातं आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), मीटर कन्सोल, एअरबॅगचा मॉड्यूल यातलं काहीही जळू शकतं. शंभर रुपयांची तपासणी हजारोंत जाते.

निवृत्त_सातारकर
बरं बाबा. पण सकाळी थंडीत अँबॅसिडर हँडल मारून चालू करायची मजा तुम्हाला कळणार नाही. बॅटरी उतरली काय आणि चढली काय, कोणाला पर्वा होती. मनगट मोडायचं तेवढं सांभाळायचं.

मध्येच_बोलू_का
काकांचे किस्से वेगळा धागा काढून लिहा, खरंच वाचायला आवडेल. इथे पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

चिपळूणकर_गाडीवान
आकडे घ्या. सकाळी १२.०८. सेल्फ मारताना ९.३, कशीबशी चालू झाली. चालू झाल्यावर १४.२, हेडलाईट-एसी लावून १३.९.
बाहेरून बसवलेलं : नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन (दिवाळीत, ॲक्सेसरीच्या दुकानात), मागचा कॅमेरा, डॅशकॅम जो मी सिगरेट लायटरच्या सॉकेटमधून चालवतो. बस.

दहा_नंबर_पाना
झालं की. आल्टरनेटर भरतोय व्यवस्थित. बॅटरी भरतेय आणि रात्रीत कुणीतरी पितंय. एक शक्यता मात्र बाकी राहते, आल्टरनेटरच्या आतला डायोड गळका असला तर तोही गाडी बंद असताना करंट खातो आणि चालू गाडीत चार्जिंग दिसतंच. ते शेवटी बघू. आता ड्रेन, म्हणजे बंद गाडी बॅटरीतून किती करंट पिते, तो मोजायचा. लिहितो नीट, घाई करू नका.
गाडी लॉक न करता सगळी दारं बंद करा. बॉनेट उघडं लागणारच, पण बॉनेटच्या लॅचला स्विच असला तर स्क्रू-ड्रायव्हरने लॅच बंद करून ठेवा, म्हणजे गाडीला वाटेल बॉनेट लागलंय. चावी घरात लांब ठेवा. मीटरची लाल वायर ॲम्पिअरच्या वेगळ्या भोकात घाला (१० ए लिहिलेलं असतं), नॉब १० ॲम्पिअरवर. निगेटिव्ह टर्मिनल दहा नंबर पान्याने सैल करा, पण काढायच्या आधी एक जाड वायर केबलच्या टोकापासून बॅटरीच्या खांबापर्यंत लावून ठेवा, मग टर्मिनल उचला, मीटर मध्ये जोडा, आणि मग जाड वायर काढा. हे अशासाठी की करंट एक क्षणही तुटला तर सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) जागे होतात आणि पुन्हा झोपेपर्यंत ताटकळत बसावं लागतं.
सुरुवातीला एक-दोन ॲम्पिअर दिसलं तर घाबरू नका. अर्धा-पाऊण तास थांबा, ईसीयू झोपले की आकडा खाली येतो. ५० मिलीॲम्पिअरच्या खाली म्हणजे ठीक, बहुतेक गाड्यांत २०-३० दिसतं. आणि मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, दार उघडू नका, मीटरचा फ्यूज गेलाच म्हणून समजा. मीटरची लाल वायर नंतर परत व्होल्टच्या भोकात घालायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी बॅटरीवर व्होल्ट मोजायला जाल आणि थेट शॉर्ट होईल.

वऱ्हाडी_झटका
तोवर माझं ऐका. आमच्या नागपुरात उन्हाळ्यात पारा ४५च्या पार जातो, तिथे बॅटरी उन्हानेच मरते. सगळे म्हणतात थंडीत बॅटरी जाते, पण थंडीत फक्त उघडी पडते, मारते ती गरमीच. आतलं पाणी उडतं आणि प्लेटा गंजतात. झाकणं उघडणारी जुनी बॅटरी असेल तर लेव्हल बघत जा, आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर टाका. आमच्या इथे एकजण मेकॅनिककडून त्यात ॲसिड ओतून घेऊन आला होता. ॲसिड उडत नाही रे बाप्पा, पाणी उडतं. ॲसिड टाकलं की प्लेटा आणखी लवकर जातात.

शिकागोचा_चहा
+१ गरमीबद्दल. इकडे उणे वीसमध्ये गाड्या उभ्या राहतात. थंडीत तेल घट्ट होतं, सेल्फला जास्त करंट लागतो आणि बॅटरी देते कमी, म्हणून जी उन्हाळ्यात अर्धमेली झालेली असते ती जानेवारीत दगा देते. इकडच्या पार्टच्या दुकानांत बॅटरी फुकट तपासून देतात, घेऊन जायची, मशीन लावतात आणि कागद हातात. भारतात आलो की बाबांच्या गाडीसाठी तसं कुठे मिळतं हे विचारायचं असतं.

वऱ्हाडी_झटका
बॅटरीवाल्या डीलरकडे लोड टेस्टर (बॅटरीवर भार टाकून तपासायचं यंत्र) असतो, विचारलं की करतात. नवी विकायची असते ना त्यांना.

चिपळूणकर_गाडीवान
पाना भाऊ, पाऊण तास थांबलो, आकडा ०.३८ ॲम्पिअरवर येऊन बसला आणि हलायला तयार नाही. म्हणजे ३८० मिलीॲम्पिअर.

दहा_नंबर_पाना
सापडला. ०.३८ गुणिले २४ म्हणजे दिवसाला नऊ ॲम्पिअर-अवर. तुमची बॅटरी ३५ची. दोन दिवसांत अर्धी रिकामी, तिसऱ्या दिवशी टिकटिक. सगळं जुळतंय.
आता फ्यूज एकेक उपसत बसू नका, त्याने मॉड्यूल जागे होतात. मीटर मिलीव्होल्टवर ठेवा. प्रत्येक फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात, त्यावर दोन टोकं लावा. करंट जात नसेल तर ०.० येईल. जात असेल तर फ्यूजच्या स्वतःच्या अवरोधामुळे थोडं दिसेल, दहा ॲम्पिअरच्या छोट्या फ्यूजवर ०.३८ ॲम्पिअरला तीन मिलीव्होल्टच्या आसपास. बॉनेटखालचा आणि स्टीअरिंगखालचा दोन्ही डबे तपासा. सगळीकडे शून्य आलं तर मग आल्टरनेटरची जाड वायर बघायची, कारण ती फ्यूजच्या डब्याच्या आधीच बॅटरीला जोडलेली असते.

अक्षरवेल
हे फ्यूज न काढता मोजायचं माहीतच नव्हतं. वाखुसा (वाचनखूण साठवली).
मधेच विचारते, रागावू नका. माझ्या गाडीत डाव्या पायाखाली मॅटच्या खाली पाणी साठतंय, पाऊस नसतानाही. दुकानातला म्हणाला काचेचं रबर गेलं, सगळी काच काढावी लागेल.

दहा_नंबर_पाना
ताई, पाऊस नसताना म्हणताय म्हणजे एसीचंच पाणी. एसी चालू ठेवून उभी गाडी दहा-पंधरा मिनिटांनी खाली थेंब टाकते का बघा. टाकत नसेल तर ड्रेनचा पाईप चोंदलाय. हा बारीक रबरी पाईप डॅशबोर्डच्या आतून इंजिनच्या भिंतीतून खाली निघतो, त्याच्या तोंडाशी माती, कधी कधी किड्याचं घर. खालून बारीक हवेचा झोत मारला की कॉफीच्या रंगाचं पाणी भसकन येतं, तोंड बाजूला ठेवा. काच काढायची घाई नको. मॅट मात्र उन्हात पूर्ण वाळवा, खालच्या फोमात ओल राहिली तर कुबट वास जात नाही आणि तिथून जाणाऱ्या वायरिंगचे कपलर (वायरी जोडायचे प्लग) हिरवे होतात.

अक्षरवेल
थेंब पडत नव्हता! आज बाबांनी सायकलचा पंप लावला. किती पाणी आलं ते विचारूच नका, अर्धी बादली म्हटलं तर आई म्हणेल अतिशयोक्ती, पण पाव तरी होतं. काच वाचली, मंडळ आभारी आहे.

चिपळूणकर_गाडीवान
अपडेट. स्टीअरिंगखालच्या डब्यात एका पंधराच्या फ्यूजवर १.८ मिलीव्होल्ट. बाकी सगळीकडे शून्य. झाकणावर रेडिओचं चित्र. तो काढला की मीटर ०.०२ वर. स्क्रीन!
मग स्क्रीन बाहेर ओढली. मागे बघून हसू की रडू कळेना. पिवळी आणि लाल वायर सोलून एकत्र पिळलेली, वर काळी टेप, टेपचा डिंक वितळून चिकट झालेला. बाजूला मूळ कपलर कापून लोंबतोय.

दहा_नंबर_पाना
अगदी अपेक्षित. नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगतो. बाजारातल्या स्क्रीनच्या वायरिंगमध्ये साधारणपणे पिवळी म्हणजे कायमची बारा व्होल्ट, स्टेशन आणि घड्याळ लक्षात ठेवायला. लाल म्हणजे एसीसी, चावी फिरवली की येणारी. काळी म्हणजे अर्थिंग. लाल वायर पिवळीला जोडली की स्क्रीनला वाटतं चावी कायम चालूच आहे, पडदा काळा दिसला तरी ती आत झोपतच नाही. दुकानात हे का करतात तर गाडीतली खरी एसीसी वायर शोधायला मीटर काढावा लागतो, पिळायला दहा सेकंद लागतात. आणि गिऱ्हाईक खूष, कारण स्क्रीन पटकन चालू होते.
एसीसी कशी शोधायची : कापलेल्या कपलरच्या वायरींवर मीटर लावा. जिथे चावी काढली की शून्य आणि पहिल्या खटक्याला बारा येतात ती. ती वायर लालला जोडा. जोड सोल्डर करा किंवा क्रिम्प स्लीव्ह वापरा, टेपवर भरवसा ठेवू नका, आपल्याकडच्या उन्हात टेप सुटतेच.
अजून चांगलं म्हणजे तुमच्या मॉडेलचा तयार कपलर हार्नेस मागवा, एका बाजूला गाडीचा, दुसऱ्या बाजूला स्क्रीनचा. म्हणजे पुन्हा कापाकापी नाही.

मध्येच_बोलू_का
यावरून आठवलं, मला हेडलाईटला १००/९० वॅटचे बल्ब टाकायचेत, घाटात काहीच दिसत नाही. दुकानदार म्हणतो थेट बसतात.

वऱ्हाडी_झटका
बसतात आणि होल्डर वितळतो. मूळ एच४ बल्ब ६०/५५ वॅटचा. डिपरवर दोन्ही दिवे मिळून नऊ ॲम्पिअर जातात, ९० वॅटला पंधरा. मूळ वायर आणि स्विच तेवढ्यासाठी नाहीत. लोक मग रिले हार्नेस आणि सिरॅमिक होल्डर लावतात, ते तांत्रिकदृष्ट्या बरं, पण एवढ्या वॅटचा बल्ब रस्त्यावर कायदेशीर नाहीच.

निवृत्त_सातारकर
आणि समोरच्याच्या डोळ्यांचं काय? आता हे पांढरे एलईडी साध्या रिफ्लेक्टरमध्ये टाकतात, खंबाटकीत समोरून एक आला की दोन सेकंद आंधळं व्हायला होतं. आधी दिव्याची काच बघा, पिवळी पडली असेल. पॉलिश करून घेतली की बल्ब न बदलताच निम्मा प्रकाश वाढतो असं मला तरी दिसलंय.

दहा_नंबर_पाना
काकांना पूर्ण पाठिंबा. दिव्याची उंचीही तपासा, भिंतीसमोर गाडी लावून. मागच्या सीटवर आणि डिकीत सामान असलं की दिवे वर बघतात, त्यासाठी बऱ्याच गाड्यांत डॅशवर ०-१-२-३ चं छोटं चाक असतं, ते कोणी फिरवतच नाही.
कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीत नोंदलेला तपशील मूळ कंपनीच्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. २०१९च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली दर बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. स्क्रीन, सीट कव्हर, डॅशकॅम यांचा आरसीशी संबंध नाही. रंग बदलायचा किंवा सीएनजी किट बसवायचं तर आरटीओतून नोंद करून घ्या, ते रीतसर होतं.

चिपळूणकर_गाडीवान
मंडळी, परत आलो, तोंड पाडून. स्क्रीनची वायर नीट केली, ड्रेन ०.०२. आठवडा छान गेला आणि आज सकाळी पुन्हा टिकटिक. आता?

मध्येच_बोलू_का
भूत.

वऱ्हाडी_झटका
उंदीर. बॉनेट उघडून बघा, वायरीचं प्लॅस्टिक कुरतडलंय का. कोकणात तर इंजिनावर नारळाच्या काथ्याची घरटी सापडतात. मी तंबाखूची पानं ठेवतो कोपऱ्यात, थोडा फरक पडतो, गाडी एका जागी न ठेवणं हाच खरा उपाय.

दहा_नंबर_पाना
भूत नाही, उंदीरही बहुधा नाही. आधी ०.०२ आला होता, म्हणजे त्या वेळी सगळं बंद होतं. काहीतरी अधूनमधून चालू राहतंय. डॅशमधल्या कप्प्याचा (ग्लोव्हबॉक्स) आणि डिकीचा दिवा बघा. दार बंद केल्यावर दिवा विझतो की नाही हे बाहेरून दिसत नाही म्हणून लोक बघतच नाहीत. फोन व्हिडिओ रेकॉर्डिंगवर लावून डिकीत ठेवा, डिकी लावा, मिनिटभराने काढा. एकदा हळू लावून, एकदा आपटून. आणि पुतण्याला आत बसवून बघायला सांगू नका, लोक तेही करतात.

चिपळूणकर_गाडीवान
हसून हसून मेलो आणि मग व्हिडिओ बघून गप्प झालो. आपटली की दिवा विझतो. बाबा लावतात तशी हळूच लावली की लॅच लागतं, पण दिवा चालूच! ५ वॅटचा बल्ब, म्हणजे ०.४ ॲम्पिअर. डिकीच्या कडेचा एक रबरी बुश गायब आहे, त्यामुळे झाकण एका बाजूने जरा वर राहतं आणि स्विच पूर्ण दाबला जात नाही. बाबा म्हणाले, मी कधीपासून सांगतोय डिकी खडखडते म्हणून.

अक्षरवेल
वडील नेहमीच बरोबर असतात, हे या धाग्याचं सार. 😄

दहा_नंबर_पाना
बुश स्पेअरच्या दुकानात मिळेल, तोपर्यंत बल्ब काढून ठेवा.
आता बॅटरीबद्दल. इतक्या वेळा रिकामी झाल्यावर तिच्या प्लेटांवर सल्फेट बसलेलं असतं, नुसतं गाडी फिरवून ती पूर्ण भरत नाही. आणि रोज सकाळी उभ्या गाडीत दहा मिनिटं इंजिन चालवायची जी सवय असते ना, तिने तर फारच कमी भरते, आयडलला आल्टरनेटर थोडं देतो आणि सेल्फने आत्ताच काढलेलं परत भरेपर्यंत तुम्ही बंद करता. बॅटरी उतरवून बाहेर चार्जरवर लावा. साधारण नियम, क्षमतेच्या दहाव्या भागाएवढा करंट, म्हणजे तुमच्या ३५ला साडेतीन ॲम्पिअर, रात्रभर. हवा खेळती असलेल्या जागी, कारण हायड्रोजन निघतो, जवळ ठिणगी नको, देवघराच्या खोलीत तर नकोच.
काढताना निगेटिव्ह आधी, लावताना निगेटिव्ह शेवटी. उलट केलंत आणि पाना पॉझिटिव्हवरून बॉडीला लागला तर ठिणगीसकट पाना चिकटतो. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलं असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा कालवून ब्रशने धुवा, फेस यायचा थांबला की कोरडं करून व्हॅसलिन लावा.

चिपळूणकर_गाडीवान
टर्मिनलवर आहे थोडं हिरवं. चार्जर शेजारच्या गॅरेजवाल्याकडे आहे, उद्या घेऊन जातो. नंतर खिडकीच्या काचा ऑटोमध्ये वर जात नाहीत असं ऐकलं होतं?

दहा_नंबर_पाना
हो, ज्या गाडीत ऑटो काच असते तिथे बॅटरी काढली की ती विसरते. काच पूर्ण वर नेऊन बटण तसंच काही सेकंद धरून ठेवा, बऱ्याच गाड्यांत त्याने परत शिकते, नाहीतर मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. पहिले काही किलोमीटर आयडल जरा वर-खाली होईल, तेही बसतं. डॅशकॅम रात्रीही चालवायचा विचार असेल तर लो-व्होल्टेज कट-ऑफ असलेलं किट घ्या आणि कट-ऑफ १२.४वर ठेवा, काही जण १२वर ठेवतात, ते तुमच्या ३५ला परवडणार नाही.

चिपळूणकर_गाडीवान
भरली. रात्रभर लावून ठेवली, चार तास तशीच सोडून मग मोजली, १२.६१. सेल्फ मारताना १०.४. बुश लागला, डिकी आता खडखडत पण नाही. पुढचा प्रश्न, मागचे ब्रेक शू घरी बदलता येतात का, की तेवढं गॅरेजला? बाबांनी पाना आधीच हातात घेतलाय.

निवृत्त_सातारकर
बाबांना म्हणावं थांबा. जॅकवर विसंबू नका, खाली स्टँड लावा, पुढच्या चाकांना दगड. एका वेळी एकच ड्रम खोला, दुसरा तसाच ठेवा, स्प्रिंगा कुठल्या कशा लावायच्या ते बघायला. ड्रमातली काळी भुकटी फुंकू नका, ओल्या कापडाने पुसा. आणि काम झालं की रस्त्यावर काढायच्या आधी अंगणातच हळू नेऊन ब्रेक दाबून बघा.

दहा_नंबर_पाना
काकांनी सगळं सांगितलंय. फक्त नवा धागा काढा, फोटो टाका, व्हील सिलिंडरच्या रबराखाली ओल आहे का तो फोटो आधी.